निवड आणि पूर्वनेमणूक वर्ग, कोल्हापूर : जेवण एक नंबर, रोमकर नववा मात्र अर्धवट

सरळ सांगतो, ५ पैकी अडीच स्टार. त्यातला एक जेवणाला, एक नोट्सला आणि उरलेला अर्धा शिकवणाऱ्या सरांच्या तयारीला, कारण माणूस अभ्यासू आहे यात वादच नाही, वाद आहे तो काय शिकवलं आणि त्याहून जास्त काय गाळलं यावर. वर्गाचं नाव मुद्दाम टाकत नाही. कोल्हापुरातल्या ख्रिस्ती लोकांत एकाला शिंक आली तर ब्रह्मपुरीपासून कसबा बावड्यापर्यंत कळतं, त्यामुळे ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

आधी व्यवस्थेचं सांगून टाकतो. शनिवार-रविवार दोन दिवस, फी पाचशे रुपये, त्यात दोन वेळचा चहा, दुपारचं जेवण आणि छापील नोट्स. फी बघता जगात भारी डील आहे. शनिवारी मटण होतं आणि पांढरा रस्सा असा होता की सेशन दोन उशिरा सुरू झालं तरी कोणी तक्रार केली नाही. हॉल बरा, पंखे चालू, माईक अधूनमधून शिट्टी मारत होता. पोरं लांबून लांबून आलेली, इचलकरंजी, गडहिंग्लज, मिरज. बहुतेक सगळी यूट्यूबवर इंग्रजी प्रवचनं ऐकून 'रिफॉर्म्ड', म्हणजे खाली सांगतो त्या कॅल्विनच्या शिकवणीची, झालेली, वय वीस-बावीस आणि हातात जाडजूड स्टडी बायबल. तरुण पोरं सुट्टीच्या दिवशी रंकाळ्यावर न जाता रोमकरांस पत्र (प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेलं, बायबलमधलं) वाचायला बसतात हे बघून बरं वाटलं, त्यात टोमणा नाही.

आता ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉन कॅल्विन हा १५०९ साली फ्रान्समध्ये जन्मलेला आणि पुढे जिनिव्हात गाजलेला धर्मसुधारक. त्याच्या शिकवणीतला एक भाग असा की जग निर्माण व्हायच्या आधीच देवाने कोणाचं तारण करायचं आणि कोणाचं नाही हे ठरवून टाकलंय, आणि ते ठरवताना माणसाचा विश्वास वगैरे काही बघितलेलं नाही, फक्त स्वतःची मर्जी. यालाच निवड आणि पूर्वनेमणूक म्हणतात. पुढे हॉलंडमध्ये आर्मिनियस नावाच्या धर्मपंडिताने यावर शंका काढली, तो १६०९ ला वारला, त्याच्या लोकांनी १६१० साली पाच मुद्दे लिहून दिले, आणि त्याला उत्तर म्हणून १६१८-१९ मध्ये डॉर्ट गावात मोठी सभा भरली. तिथल्या निर्णयांचा सारांश म्हणजे आज ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ट्युलिप म्हणतात ते पाच मुद्दे: संपूर्ण भ्रष्टता, बिनशर्त निवड, मर्यादित प्रायश्चित्त (म्हणजे ख्रिस्त फक्त निवडलेल्यांसाठीच मेला), टाळता न येणारी कृपा आणि संतांचं शेवटपर्यंत टिकणं.

सरांनी ही डॉर्टची सभा अशी रंगवली की जणू दोन्ही बाजूंनी समोरासमोर बसून बायबल उघडलं आणि खरी बाजू जिंकली. तसं नव्हतं हो. आर्मिनियसच्या बाजूची मंडळी तिथे सभासद म्हणून नव्हतीच, आरोपी म्हणून उभी केली होती, मग बाहेर काढली आणि त्यांच्या पाळकांची पदं गेली. त्यांना पाठीशी घालणारा राजकारणी ओल्डनबार्नेवेल्ट याचं तर मे १६१९ मध्ये मुंडकं उडवलं. म्हणजे राजकारण पण होतंच मध्ये. यावरून शिकवण चूक ठरत नाही हे मला पण कळतं, पण इतिहास सांगायचा तर पूर्ण सांगा.

दुसरा इतिहासाचा डोस आपल्या गावचा होता आणि तिथे पोरांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले की १८५२ साली रॉयल गूल्ड वायल्डर कोल्हापुरात आले, १८७० पासून इथलं मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं, प्रेस्बिटेरियन म्हणजे वेस्टमिन्स्टरची विश्वासकबुली (कॅल्विनच्या वळणाचा लेखी विश्वासनामा) मानणारे, म्हणजे तुमचे पणजोबा कॅल्विनिस्टच होते, तुम्ही विसरलात. मुद्दा एकदम जोरदार. त्या कबुलीच्या तिसऱ्या अध्यायात खरंच लिहिलंय की काहींना सार्वकालिक जीवनासाठी आणि काहींना सार्वकालिक मरणासाठी नेमलंय, आणि हा आकडा इतका पक्का की एक वाढणार नाही की कमी होणार नाही. पण सरांनी एक गोष्ट सांगितली नाही. त्याच अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळीने १९०३ साली त्या तिसऱ्या अध्यायाला अधिकृत खुलासा जोडला, की हा अध्याय वाचताना देवाचं सगळ्या मानवजातीवर प्रेम आहे हे धरूनच वाचायचं, देवाला कोणाही पाप्याचं मरण नको आहे, ख्रिस्तामध्ये सर्वांना पुरेल इतकं तारण आहे, आणि लहानपणी वारलेली सगळी बाळं निवडलेल्यांतच आहेत. म्हणजे ज्या मंडळीने आपल्याकडे मिशनरी पाठवले त्यांनाच तो अध्याय जसाच्या तसा पचेना. पणजोबांचं नाव काढायचंच तर हे पण काढा ना.

बरं, उलट बाजूने पण बोलतो, नाहीतर म्हणाल एकांगी आहे. आपल्याकडचे काही लोक म्हणतात की कॅल्विनिस्ट झाला की माणूस सुवार्ता सांगायचं बंद करतो. हे धादांत खोटं आहे. विल्यम कॅरी कॅल्विनिस्ट बाप्टिस्ट होता आणि त्यानेच सेरामपूरला बसून मराठी नवा करार काढला, १८११ मध्ये. तारण कृपेने आहे, माणसाला बढाई मारायला जागा नाही, पाप वरवरचं नाही तर मुळापर्यंत गेलेलं आहे, हे सगळं सरांनी झक्कास शिकवलं आणि त्यावर माझी एक पण तक्रार नाही. इफिसकर २:८-९ वरचं शनिवार सकाळचं सेशन तर मी कुणालाही ऐकायला सांगेन.

गाडी घसरली ती जेवणानंतर, रोमकर ९ ला.

नोट्समध्ये या अध्यायाला चार पानं होती. अध्याय १० ला दोन ओळी. ११ ला काहीच नाही. इथेच सगळी गोची आहे, कारण पौलाने ९, १० आणि ११ हा एकच विषय लिहिलाय, तो म्हणजे इस्राएलाला एवढी वचनं दिली होती आणि त्यातल्याच बहुतेकांनी मशीहाला, म्हणजे येशूला, नाकारलं, मग देवाचं वचन फुकट गेलं की काय. कोण स्वर्गात आणि कोण नरकात याची जन्माआधीची यादी हा तिथला प्रश्नच नाहीये. तुम्ही प्रश्न बदललात की उत्तर पण बदलणार.

याकोब आणि एसाव हे जुळे भाऊ घ्या. "याकोबावर प्रीती केली, एसावाचा द्वेष केला" हे वाक्य सरांनी फळ्यावर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाले बघा, जन्माच्या आधी, काही बरंवाईट करण्याच्या आधी. ठीक आहे. पण हे वाक्य पौलाने जुन्या करारातल्या मलाखीतून घेतलंय, आणि मलाखीचा पहिला अध्याय उघडला की लगेच दिसतं की तिथे अदोम देशाबद्दल, म्हणजे एसावाच्या वंशजांबद्दल, चाललंय, एसाव मरून हजारभर वर्षं उलटल्यावर. आणि त्यांच्या आईला, रिबकेला, देवाने काय सांगितलं होतं, तर तुझ्या पोटात दोन राष्ट्रं आहेत आणि थोरला धाकट्याची सेवा करील. सेवा करील म्हटलंय, नरकात जाईल म्हटलेलं नाही. गंमत म्हणजे एसाव या माणसाने याकोबाची सेवा आयुष्यात कधी केलीच नाही, उलट उत्पत्ति ३३ मध्ये याकोबच त्याच्यासमोर सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो आणि एसाव पळत येऊन त्याच्या गळ्यात पडतो. सेवा झाली ती दावीदाच्या काळात, अदोमी लोक त्याचे अंकित झाले तेव्हा. म्हणजे वचन राष्ट्राबद्दल होतं आणि राष्ट्राच्या बाबतीत पूर्ण झालं. हे मी चहाच्या वेळी एका पोराला दाखवलं तर तो म्हणाला, "दादा, हे नोट्समध्ये नाहीये." मी म्हटलं, "भावा, पण बायबलमध्ये आहे की."

इस्राएलाला सोडायला तयार नसलेला मिसरचा राजा फारो, त्याचं पण तसंच. देवाने त्याचं मन कठीण केलं हे खरंय, आणि ते देवाने मोशेला आधीच सांगितलं होतं हे पण खरंय, लपवायचं कशाला. पण निर्गमाच्या आठव्या अध्यायात पीडा टळली की फारोने स्वतःच आपलं मन कठीण केलं असं पुन्हा पुन्हा येतं, देवाने केल्याचा उल्लेख प्रत्यक्ष घडताना येतो तो त्याच्या पुढे. आधीच हट्टाला पेटलेल्या माणसाला देवाने त्याच्याच हट्टात घट्ट केलं, कशासाठी, तर आपलं नाव सगळ्या पृथ्वीवर गाजावं म्हणून. कोऱ्या मनाच्या बाळाला देवाने दगड करून टाकलं असं तिथे कुठेच नाही.

आणि कुंभार. याच्यावर मात्र मी थोडा रेंगाळणार आहे कारण वर्गात सगळ्यात जास्त वापरलेला दाखला हाच. मातीच्या गोळ्याने कुंभाराला विचारायचं नाही, संपला विषय, असं सर चार-पाच वेळा म्हणाले. पण पौल हा दाखला हवेतून आणत नाही, त्याचं शास्त्र त्याला तोंडपाठ होतं आणि त्याच्या वाचकांना जुन्या करारातला यिर्मया १८ आठवणारच. तिथे यिर्मया कुंभाराच्या घरी जातो, चाकावरचं भांडं बिघडतं, आणि कुंभार तीच माती घेऊन दुसरं भांडं करतो. मग देव स्वतःच अर्थ सांगतो की मी एखाद्या राष्ट्राला उपटून टाकीन म्हणालो आणि ते वाईटापासून वळलं, तर मी पण आणणार असलेलं अरिष्ट आणणार नाही, आणि मी बांधीन म्हणालो पण ते वाईट वागलं, तर मी पण विचार बदलीन. म्हणजे मूळ दाखल्यात कुंभाराचा अधिकार पूर्ण आहे आणि तरी तो मातीकडे बघून हात फिरवतोय. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या आधी कधी उभे राहिलात तर हेच दिसेल, माती कुठे ऐकत नाही तिथे कारागीर ती फेकत नाही, पाणी लावतो, परत मळतो. सरांचा कुंभार मात्र माती हातात घ्यायच्या आधीच अर्धे गोळे भट्टीत जाळायला बाजूला काढून बसलेला.

आणि पौलाने स्वतः शेवटी निष्कर्ष काय काढला? नवव्याच्याच शेवटी तो विचारतो की इस्राएल का चुकलं, आणि उत्तर देतो की त्यांनी विश्वासाने नाही तर कर्मांनी मिळवायला बघितलं म्हणून. देवाने त्यांना निवडलंच नव्हतं म्हणून, असं म्हणायची ही एकदम हातातली जागा होती, आणि तो म्हणत नाही. दहाव्यात जो कोणी प्रभूचं नाव घेऊन धावा करील त्याचं तारण होईल, आणि शेवटी देव म्हणतो की मी दिवसभर आज्ञा मोडणाऱ्या लोकांपुढे हात पसरून उभा आहे. अकराव्यात जैतुनाच्या झाडाच्या फांद्या अविश्वासामुळे तोडल्या गेल्या, आणि त्या अविश्वासात राहिल्या नाहीत तर परत कलम केल्या जातील. आकडा जर पक्का बंद असेल तर तोडायच्या कुठल्या आणि परत लावायच्या कुठल्या? आणि मग शेवटचं, देवाने सर्वांवर दया करावी म्हणून सर्वांना आज्ञाभंगात कोंडलं. ११:३२. नोट्समध्ये शून्य ओळी.

रविवारच्या दुसऱ्या सेशनला इफिसकर १ झाला. "जगाच्या स्थापनेपूर्वी आपल्याला निवडलं" हे ठळक अक्षरात छापलेलं, पण त्याच वाक्यातलं "त्याच्यामध्ये", म्हणजे ख्रिस्तामध्ये, ते साध्या अक्षरात. या अध्यायात ख्रिस्तामध्ये, त्याच्यामध्ये, त्या प्रियामध्ये असं किती वेळा येतं ते कोणीही पेन्सिल घेऊन खुणा करून बघावं. निवडलेला एक आहे, तो म्हणजे ख्रिस्त, आणि जे त्याच्यामध्ये येतात ते त्या निवडीत सामील होतात. आत कसं यायचं ते तेराव्या वचनात आहेच, सत्याचं वचन ऐकलं, विश्वास ठेवला आणि मग पवित्र आत्म्याचा शिक्का बसला, या क्रमाने. आणि बायबलमधली निवड पहिल्यापासून दुसऱ्यांसाठी असते, अब्राहामाला निवडलं ते पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वादित व्हावीत म्हणून, बाकीची कुळं वगळावीत म्हणून नाही.

मर्यादित प्रायश्चित्त हा पाचांतला सगळ्यात लंगडा मुद्दा, आणि मला वाटतं सरांना पण ते माहीत आहे कारण तो वीस मिनिटांत उरकला. १ तीमथ्य २ मध्ये देवाची इच्छा आहे की सर्व माणसांचं तारण व्हावं, त्यावर सर म्हणाले इथे सर्व म्हणजे सर्व प्रकारची माणसं. हा अर्थ खुद्द कॅल्विनचाच आहे आणि अगदीच बिनबुडाचा नाही, वर राजे आणि अधिकारी यांचा उल्लेख आहे. पण मग १ योहान २:२ चं काय करणार, तिथे आपल्याच पापांबद्दल नाही तर सर्व जगाच्या पापांबद्दल म्हटलंय. आणि २ पेत्र २:१ मध्ये खोटे शिक्षक ज्या धन्याने त्यांना विकत घेतलं त्यालाच नाकारतात आणि नाश ओढवून घेतात, म्हणजे त्यांच्यासाठी पण किंमत मोजलेली होती. हे वचन मी चिठ्ठीवर लिहून दिलं. प्रश्नोत्तराला चिठ्ठ्या टाकायच्या होत्या आणि त्यातल्या आयोजक निवडणार होते. माझी निवड झाली नाही, बिनशर्त की सशर्त ते कळलं नाही.

योहान ६:४४ वर सरांची बाजू भक्कम वाटते हे मान्य, पित्याने ओढल्याशिवाय कोणी येऊ शकत नाही. पण १२:३२ मध्ये येशू म्हणतो की मला उंच केल्यावर मी सर्वांना माझ्याकडे ओढीन, आणि ५:४० मध्ये तोच म्हणतो की जीवन मिळावं म्हणून माझ्याकडे यायची तुमची इच्छा नाही. मत्तय २३ मध्ये यरुशलेमेला म्हणतो की मी किती वेळा तुझी लेकरं जवळ घ्यायला बघितली पण तुमची इच्छा नव्हती. इच्छा त्याची होती, नकार त्यांचा होता. प्रेषितांची कृत्ये १३:४८ हे मात्र खरंच अवघड वचन आहे, जितके सार्वकालिक जीवनासाठी नेमलेले होते तितक्यांनी विश्वास ठेवला, आणि आपल्या बाजूचे लोक ते दोन मिनिटांत उडवून लावतात ते पण मला पटत नाही. एवढंच म्हणेन की दोनच वचनं आधी पौल यहुद्यांना म्हणतो की तुम्ही स्वतःच स्वतःला सार्वकालिक जीवनाला अपात्र ठरवता. दोन्ही एकत्र धरून वाचायला पाहिजेत आणि वर्गात एकच वाचलं.

आता ज्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसलो. रविवारी शेवटच्या सेशनला मागच्या रांगेतून एक मावशी उठल्या, चिठ्ठी वगैरे काही नाही. साठीच्या असतील, हातात जुनं काळ्या कव्हरचं शास्त्र, पानं सुटू नयेत म्हणून रबर बँड लावलेला. म्हणाल्या, "सर, माझा ल्योक गेल्या वर्षी गेला. चर्चला येत न्हवता. मी रोज प्रार्थना करायची. तो निवडलेलाच न्हवता म्हणायचं का?" हॉल गप्प. सरांना पण अवघड झालं, दिसत होतं तोंडावर. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मावशी, देव सार्वभौम आहे. शास्त्र म्हणतं, अरे माणसा, देवाला उलट बोलणारा तू कोण?" मावशी "बरं" म्हणाल्या आणि बसल्या. रबर बँड काढला, परत लावला.

माझा राग इथे आहे. "तू कोण" हे पौलाने कोणाला म्हटलं? देवाने परक्यांवर, म्हणजे यहुदी नसलेल्यांवर, दया केली म्हणून देवावर अन्यायाचा आरोप करणाऱ्या वाद घालणाऱ्याला. आणि तोच अध्याय त्याने सुरू कसा केला, तर माझ्या मनात अखंड वेदना आहेत, माझ्या भाऊबंदांसाठी मी स्वतः ख्रिस्तापासून तुटून शापित व्हायला तयार झालो असतो. म्हणजे नवव्या अध्यायात या मावशींची जागा पहिल्या तीन वचनांत आहे, पौलाच्या शेजारी. सरांनी त्यांना विसाव्या वचनात नेऊन उभं केलं.

आणि कॅल्विनचीच साथ घ्यायची होती ना, तर ती पण घेता आली असती. कॅल्विनने स्वतः आपल्या मोठ्या ग्रंथात कबूल केलंय की हा देवाचा ठराव अंगावर काटा आणणारा आहे. आणि त्याच ग्रंथात तो म्हणतो की आपली निवड देवाच्या गुप्त ठरावात डोकावून शोधायची नाही, ख्रिस्त हाच आरसा, त्याच्यात बघायचं. निदान एवढं तरी त्या बाईंना सांगायचं, की बाई, यादी मी बघितलेली नाही, ख्रिस्ताकडे बघा, तो तुमच्या पोराला तुमच्यापेक्षा जास्त ओळखतो. पण हे सर कॅल्विनपेक्षा जास्त कॅल्विनिस्ट निघाले.

जावं का? तारणाची खात्री, कृपा, पाप यावर ज्यांनी कधी नीट काही वाचलेलं नाही त्यांना शनिवार सकाळ वसूल होईल, पाचशे रुपयांत कोण एवढं देतंय. ज्यांच्या घरी नुकतंच कोणी गेलंय त्यांनी रविवारी अजिबात जाऊ नका. आयोजक वाचत असतील तर दोनच मागण्या, चिठ्ठ्या सगळ्या वाचा आणि नोट्समध्ये १० व ११ ला जागा द्या, पानं कमी पडत असतील तर डॉर्टचा फोटो काढून टाका. पुढची बॅच नाताळ आटोपल्यावर आहे म्हणे. जाणार असाल तर यिर्मया १८ आधी घरी वाचून जा, गाडी मागच्या गल्लीत लावा, पुढच्या गेटला वॉचमन लावू देत नाही.